पूर्णविराम सिस्टर आणि छताखालचे काका

मनोरुग्ण विभागातल्या त्या सिस्टरला सगळे पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणायचे. पाठीमागे म्हणजे नावापुरतंच पाठीमागे, कारण तिलाही ते ठाऊक होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, हे मात्र तिला खरोखर कळत नव्हतं. समोरच्यानं वाक्य सुरू करायचं आणि तिनं ते संपवायचं, अशी त्या वॉर्डाची रीतच पडून गेली होती. "सिस्टर, मला जरा..." म्हटलं की "पाणी ना? आणते." "सिस्टर, काल घरून..." म्हटलं की "फोन आला नाही, येईल हो आज." बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबरही निघायचा. निघाला नाही तर समोरचा माणूस ओशाळून तिचंच वाक्य आपलं म्हणून चालवून घ्यायचा. एका पेशंटनं खिडकी उघडा म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या अंगावर चादर येऊन पडली. बिचारा भर उन्हाळ्यात ती पांघरून घाम पुसत बसला.

ही घाई तिच्या हाडामासात होती. तिची आई सांगायची, ही दाई यायच्या आधीच जन्माला आली. शाळेत मास्तरांनी प्रश्न फळ्यावर लिहून पुरा करायच्या आत हिचा हात वर. लग्नसुद्धा तिनं असंच जमवलं. नर्सिंग होस्टेलच्या कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून एक किल्लीवाला आला होता. शांत, हाताला ग्रीसचा वास, बोलायचं तर एकेक शब्द कानशीवर घासून घ्यावा तसा बोलणारा. दोन-तीन वेळा त्याचं येणं झालं. मग एकदा तो कपाटासमोर उकिडवा बसून म्हणाला, "मला तुम्हाला एक विचारायचं होतं..."

"हो," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. पण आईला येऊन भेटा."

किल्लीवाल्यानं थोडा वेळ कुलपाकडे पाहिलं, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पुढच्या थंडीत लग्न झालं. संसार उत्तम चालला. नवरा वाक्याचा पहिला अर्धा भाग बोलायचा, दुसरा ती बोलायची. वर्षं गेली तशी त्यानं दुसऱ्या भागाची तयारी करणंही सोडून दिलं.

तर अशा या बाईला विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की तिला थेरपिस्टच्या प्रशिक्षणासाठी निवडलंय.

"सायकोसिसच्या पेशंटसाठी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्याकडे औषध द्यायला माणसं आहेत. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय अशी ज्यांची पक्की खात्री झालेली असते, त्यांच्याशी बसून नीट बोलायला मात्र..."

"कुणी नाही," सिस्टर म्हणाली. "खरंय. आणि बोलण्यात माझा हात कोण धरणार!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "हो," त्या म्हणाल्या. "तीच मला काळजी आहे."

प्रशिक्षणाचे पहिले दिवस आपसात सराव करण्यात गेले. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं थेरपिस्ट. वॉर्डातला धिप्पाड ब्रदर पेशंट झाला की डोळे गरागरा फिरवायचा, केस विस्कटायचा आणि टेबलाखाली शिरायचा. इतक्या वर्षांत वॉर्डात असा पेशंट कुणी पाहिला नव्हता, पण ब्रदरचं म्हणणं, त्याशिवाय मजा नाही. सिस्टर पेशंट झाली की थेरपिस्टचे प्रश्नही तीच विचारायची आणि उत्तरंही तीच द्यायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. खऱ्या पेशंटवर तर सराव करायचा नव्हता. आधीच जगावरचा विश्वास उडालेल्या माणसापुढे नवशिक्याला बसवणं म्हणजे त्याला आणखी दूर लोटणं. म्हणून मग एआयचा पेशंट आला.

जुन्या फाइलींच्या खोलीतली कपाटं हलवून तिथं एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर मोठा पडदा व त्यावर छोटा कॅमेरा लावला. पडद्यावर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ बसलेले. राखाडी स्वेटर, कोपरावर विरलेला. दाढीचे खुंट. दर थोड्या वेळानं नजर वर, छताकडे. त्यांचा चेहरा, आवाज, उत्तरं, सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता जागच्या जागी तयार करायची. आधी लिहून ठेवलेलं काही नाही. तुम्ही जसं बोलाल तसे ते खुलायचे किंवा मिटायचे. प्रोग्रॅममध्ये त्यांना नुसता एक क्रमांक होता, पण आठवडाभरात सगळे त्यांना 'छताखालचे काका' म्हणू लागले.

पहिल्या दिवशी सिस्टर पदर खोचावा तशी ओढणी सारखी करून त्यांच्यासमोर बसली.

"नमस्कार काका. बोला, काय त्रास होतोय?"

"वरच्या मजल्यावरचे लोक..."

"आवाज करतात. फर्निचर ओढतात. अहो, आमच्याकडेही तेच. मी तर..."

"फर्निचर नाही. ते माझे विचार..."

"डोक्यात येऊच देत नाहीत. समजू शकते मी."

"विचार टिपून घेतात," काका म्हणाले. "छतातून. यंत्र आहे त्यांच्याकडे."

"छे, छे! असं यंत्र असतं का कुठं? काका, तुम्ही चांगले शिकलेले दिसता. वर राहणाऱ्यांना त्यांचे उद्योग नाहीत का? तुम्ही असं करा, सकाळी फिरायला जा, मन रमवा, आणि..."

काकांनी पहिल्यांदाच छतावरून नजर काढून सरळ तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला त्यांनीच पाठवलंय ना?" ते म्हणाले, उठले, आणि पडद्यावर रिकामी खुर्ची उरली.

सिस्टर त्या खुर्चीकडे बघतच राहिली. पडद्यावर मग अभिप्राय उमटला: रुग्णाला एकही वाक्य पुरं करता आलं नाही. सुरुवातीच्याच काही मिनिटांत त्याच्या अनुभवाला खोटं ठरवण्यात आलं. न मागितलेले सल्ले देण्यात आले.

"खोटं आहे हे!" सिस्टर तरातरा डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मशीनला माझा राग आहे."

"मशीनला राग येत नाही."

"मग ते उठून कसे गेले?"

"वाद घालून कुणाची खात्री बदलत नाही, एवढं लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनं ते लक्षात ठेवलं. नको इतकं लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी "वरचे लोक..." म्हणताच ती पुढे झुकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मलाही ऐकू येतंय."

काकांचा चेहरा उजळला. "तुम्हालाही? खरंच?"

"अगदी स्पष्ट. खर्रखर्र असं काहीतरी."

"तेच! तेच ते! कुणी विश्वासच ठेवत नाही हो!"

त्यानंतर काय विचारता. दोघांची अशी गट्टी जमली की बाहेर काचेमागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. काकांनी यंत्राची दिशा सांगितली, सिस्टरनं त्यावर दोन शंका काढल्या, काकांनी त्या मान्य केल्या. काका म्हणाले, आज वर जाऊन सोक्षमोक्ष लावतो, लोखंडी पहार घेऊन जातो. सिस्टर म्हणाली, पहार नको, झाडूचा दांडा न्या.

"जमलं की नाही आज?" बाहेर येऊन तिनं विचारलं. "किती बोलले पाहिलंत ना?"

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. ते पुसून झाल्यावर त्यांचा आवाज मात्र गंभीर झाला. "काका खरे असते, तर आत्ता ते वरच्या बिऱ्हाडाच्या दारात दांडा घेऊन उभे असते. आत एखादी म्हातारी असती, एखादं मूल असतं. आणि काकांना वाटलं असतं, सिस्टर आपल्या बाजूनं आहे."

सिस्टर खुर्चीत बसली. "खोटं म्हणायचं नाही. खरं म्हणायचं नाही. मग म्हणायचं तरी काय?"

"तुम्ही न्याय करायला बसलेल्या नाही आहात. त्या छताखाली राहताना त्या माणसाला कसं वाटतं, ते विचारा. मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो."

"किती?"

"येईल तेवढा."

आता 'थांबा' हे सांगायला सोपं होतं. सिस्टरनं जीभ दातांखाली धरून पाहिली, हात घट्ट आवळून पाहिले, मनात अंक म्हणून पाहिले. काही उपयोग नाही, वाक्य तोंडातून सुटायचंच. शेवटी तिनं नामी युक्ती काढली. समोरच्यानं बोलायला सुरुवात केली की पाण्याचा घोट घ्यायचा आणि तो तोंडातच धरायचा.

याचा पहिला प्रयोग झाला घरी, नवऱ्यावर. तो दुकान बंद करून आला, हातपाय धुतले, खुर्चीत बसला आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "तुझ्या आईकडे जायचं म्हटलं की मला..."

इथं गेली कित्येक वर्षं ती "कंटाळा येतो, माहीत आहे, मी एकटीच जाऊन येते" असं म्हणत आली होती. आज तिनं पटकन पाण्याचा घोट घेतला. नवरा थांबला. तिनं गाल फुगवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ही रागावलीय की हिची दाढ दुखतेय, हे त्याला समजेना. पंखा फिरत राहिला. आपलं अर्धं वाक्य कुणी उचलत नाही म्हटल्यावर अखेर त्यानंच ते उचललं.

"...बरं वाटतं," तो म्हणाला.

सिस्टरला असा ठसका लागला की पाणी टेबलभर उडालं.

"बरं वाटतं? आईकडे?"

"हो. त्यांच्या अंगणात बसायला आवडतं मला. पण तू नेत नाहीस."

त्या संध्याकाळी तिनं पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. नवऱ्याला कारल्याची भाजी कधीच आवडली नव्हती, ती आवडते हे वाक्य तिचं होतं. त्याला पोहायला शिकायचं होतं. आणि मग तिनं, जरा बिचकतच, त्या जुन्या दिवसाबद्दल विचारलं. "तेव्हा होस्टेलमध्ये तुम्ही म्हणालात ना, मला एक विचारायचं होतं. काय विचारणार होता?"

किल्लीवाल्यानं बोटांची नखं पाहिली. "कपाटाची दुसरी किल्ली आहे का, ते."

"अगं बाई!" तिनं तोंडावर हात ठेवला. "मग तुम्ही लग्न का केलंत?"

"तू हो म्हणालीस," तो म्हणाला. "मला फार बरं वाटलं. मग किल्लीचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घेऊन काकांसमोर बसली. काका म्हणाले, "वरचे लोक..." आणि थांबले. सिस्टरचे गाल फुगले. काकांनी छताकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, स्वेटरचा एक निघालेला धागा बोटाला गुंडाळला. बराच वेळ गेला.

"...ही गेल्यापासून जास्तच बोलतात," काका म्हणाले.

सिस्टरनं घोट गिळला. इतके दिवस या माणसासमोर बसतेय आणि त्याची बायको वारली आहे हे आपल्याला माहीत नाही! ती यंत्रानं रचलेली बायको होती, यंत्रानं रचलेलं मरण होतं, तरी तिनं बाटलीला झाकण लावून ती बाजूला ठेवली.

"काका," ती म्हणाली, "त्या बोलण्यातलं सगळ्यात जास्त काय लागतं तुम्हाला?"

"ते हसतात," काका म्हणाले. "मी तिच्यासाठी चुकून दुसरा कप काढतो ना, तेव्हा."

त्या दिवशी काका उठून गेले नाहीत.

मग सिस्टरला त्या खोलीची चटकच लागली. तिथं चुकलं तर कुणाचं नुकसान नव्हतं. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहता यायचा, आज असं विचारलं तर काका मिटतात, उद्या तसं विचारलं तर खुलतात. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला की काका तिला ओळखायचे नाहीत.

"काल तुम्ही मला दुसऱ्या कपाचं सांगितलंत," ती एकदा न राहवून म्हणाली.

"आपण काल भेटलो नव्हतो," काका नम्रपणे म्हणाले.

ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "माणसानं एवढंही विसरू नये." नवऱ्यानं तिला पोहण्याच्या तलावाचं कार्ड दाखवलं. त्यानं नाव घातलं होतं.

यथावकाश अभिप्राय चांगले येऊ लागले आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पहिली खरी पेशंट दिली.

ही बाई पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ज्या काळी फोन माणसांनी हातानं जोडून द्यायचे, तेव्हापासूनची. आता साठीची, अविवाहित, धाकट्या बहिणीकडे राहणारी. एक्सचेंज बंद होऊन जमाना झाला होता, पण हिच्या कानातले कॉल बंद झाले नव्हते. कुणीकुणी बोलायचं, त्यातल्या एकाला ती 'साहेब' म्हणायची. साहेब सारखे हुकूम सोडायचे: हा कॉल जोड, तो कॉल जोड, जोडला नाहीस तर पलीकडचा माणूस मरेल. मग ती असेल तिथं थांबून हवेतल्या अदृश्य वायरी एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात घालायची. हातातला घास तसाच राहायचा. घराबाहेर पडणं बंदच झालं होतं. औषधांनी बाकीचे आवाज मंदावले होते, साहेब मात्र खुर्ची सोडायला तयार नव्हते.

सिस्टर पूर्ण तयारीनिशी बसली. चेहरा शांत, हात मांडीवर. नमस्कार केला, नाव सांगितलं, विचारलं, "कसं वाटतंय?" आणि थांबली. काकांनी शिकवलं होतं तशी थांबली.

ऑपरेटरबाई गप्प. सिस्टर गप्प. भिंतीवरची पाल ट्यूबलाइटमागून निघून दुसऱ्या टोकाला गेली.

"हॅलो?" ऑपरेटरबाई म्हणाल्या.

सिस्टरनं मायेनं मान हलवली. थांबायचं, उत्तर यायला वेळ लागतो.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

सिस्टरनं आणखी मायेनं मान हलवली.

ऑपरेटरबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि बाहेर बसलेल्या बहिणीला म्हणाल्या, "चल गं. लाइन डेड आहे."

सिस्टर जी फणफणत निघाली ती थेट डॉक्टरीणबाईंकडे! "इतकी वर्षं बोलले तर तुम्ही म्हणालात गप्प बसा. आता गप्प बसले तर ही गत!"

"काकांना शांतता हवी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांचं अख्खं आयुष्य कानाला रिसीव्हर लावून गेलंय. त्यांच्या कामात पलीकडून आवाज आला नाही तर काय करायचे?"

सिस्टरनं तोंड उघडलं, मिटलं, आणि खरोखर विचार करून म्हणाली, "लाइन कापायचे."

पुढच्या भेटीत ऑपरेटरबाई दारातच उभ्या राहिल्या, बसायला तयार नव्हत्या. सिस्टरनं खुर्चीतूनच आवाज दिला, "हॅलो, मी वॉर्डातून सिस्टर बोलतेय."

बाईंचे खांदे आपोआप ताठ झाले. "बोला. कोण हवंय?"

"तुम्हीच हव्या होतात."

"मी?" ऑपरेटरबाईंनी मागं वळून पाहिलं, जणू आणखी कुणी उभं असावं. "मला कुणाचा फोन येत नाही. मी फक्त जोडून देते."

"हा तुमचाच आहे," सिस्टर म्हणाली.

त्या आत येऊन बसल्या.

त्यानंतरच्या भेटींमध्ये सिस्टरची जीभ तिला पुन्हा उपयोगी पडली. काकांपुढे जी बडबड आड यायची, तीच इथं दोघींच्या मधली तार जिवंत ठेवायची. फक्त बाईंचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्यायचं, एवढी एक शिस्त तिनं पाळली. कधीकधी पाण्याची मदत घेऊन. एक्सचेंजच्या गोष्टी निघाल्या. रोज त्याच वेळी फोन लावून काहीच न बोलणारा एक प्रियकर. लग्न मोडल्याची बातमी ऑपरेटरलाच सांगून फोन ठेवणारी नवरी. नंबर विसरून "आमच्या शेजारच्यांना जोडा" म्हणणारे आजोबा. बाई बोलायला लागल्या की त्यांचे हात हवेत नाचायचे, पण त्या वेळी ते साहेबांच्या हुकमानं नसायचे.

एकदा सिस्टरनं विचारलं, "सगळे दिवे एकदम लागले, सगळेच कॉल एकदम आले, तर हो?"

"प्रतीक्षा करा म्हणायचं. आणि एकेक घ्यायचा."

"एखादा ओरडायला लागला तर?"

"त्याला सगळ्यात शेवटी," ऑपरेटरबाई ठसक्यात म्हणाल्या. "ओरडणाऱ्याला आधी घेतलं की तो रोज ओरडतो."

हे बोलून त्या एकदम थांबल्या. सिस्टरच्या जिभेच्या टोकावर पुढचं वाक्य आलं होतं, अगदी तयार, सुबक. तिनं बाटली तोंडाला लावली.

"साहेबांना..." बाई म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. "साहेबांना प्रतीक्षेत ठेवून बघू का?"

"काय होईल असं वाटतं?"

"माणूस मरेल."

"तुम्हाला भीती वाटतेय."

"तुला नाही वाटणार?"

"वाटेल," सिस्टर म्हणाली. "मला तर ऐकूनच वाटतेय. थोडाच वेळ ठेवून बघायचं का? तुम्ही ठरवा किती."

बाईंनी ठरवलं: चहाचा एक कप संपेपर्यंत. चहा आला. बाईंनी कान दाबला, डोळे मिटले आणि जुन्या, घोटीव आवाजात म्हणाल्या, "आपण प्रतीक्षेत आहात." बशीत कप असा खडखडत होता की अर्धा चहा बशीतच आला. साहेब भयंकर ओरडले असं त्यांनी नंतर सांगितलं, पूर्वी कधी ओरडले नव्हते इतके. पण त्यांनी चहा संपवला. बशीतलाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून काढल्या. माणसं मेली होती, पण साहेबांनी सांगितलेलं नाव त्यांत नव्हतं. "आणि बहुतेक सगळी माझ्यापेक्षा म्हातारी होती," त्यांनी सिस्टरला सांगितलं. "त्यांना माझी काही गरज नसावी."

चहाच्या कपावरून मजल जेवणापर्यंत गेली. जेवणावरून कोपऱ्यावरच्या बाजारापर्यंत. साहेब कुठं गेले नाहीत. मधे एकदा बहीण आजारी पडली तेव्हा त्यांनी असा डाव साधला की ऑपरेटरबाईंना काही आठवडे वॉर्डात राहावं लागलं. सिस्टरला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. तिनं तसं तोंडानं म्हटलंसुद्धा. तर खाटेवर पडल्या पडल्या बाईच म्हणाल्या, "वादळात खांब पडतात. पुन्हा उभे करतात. त्यात रडायचं काय?" आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

याच सुमाराला ज्यांनी छताखालच्या काकांना घडवलं होतं ते संगणकवाले गृहस्थ रुग्णालयात आले. टक्कल पडलेले, सभ्य, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. शिकणाऱ्यांचं काय म्हणणं आहे, ते त्यांना ऐकायचं होतं.

"तुमचे काका गुणी आहेत," सिस्टर म्हणाली. "त्यांच्यामुळे मी गप्प बसायला शिकले. पण मग वाटलं, गप्प बसलं की झालं. तर खऱ्या बाईंनी माझी लाइनच कापली."

ऑपरेटरबाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी हट्टच धरला: मला त्या काकांना बघायचंय. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. ज्या बाईंना नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, त्यांना आणखी एका नसलेल्या माणसासमोर बसवायचं? त्यांनी बाईंच्या बहिणीशी बोलून घेतलं, बाईंशी बोलून घेतलं आणि पुन्हा एकदा समजावून सांगितलं, की पडद्यावरचा माणूस खरा नाही, यंत्र आहे.

"अहो, कळलं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मला आवाज ऐकू येतात. अक्कल गहाण पडलेली नाही."

त्या काकांसमोर बसल्या. काकांनी छताचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं. बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले, उत्तरं कान देऊन ऐकली, आणि वळून संगणकवाल्यांना म्हणाल्या, "माझे साहेब याच्यापेक्षा बरं बोलतात."

सिस्टरला हसू आवरेना. संगणकवाल्यांनी मान डोलावता डोलावता थांबवली. "नेमकं काय कमी वाटलं?"

"हा माणूस दुखण्याशिवाय दुसरं बोलतच नाही. त्याला विचारलं, स्वेटर कुणी विणला, तर लगेच छत. अहो, मी आजारी आहे म्हणून काय दिवसभर आजारीच असते? माझे गुडघे दुखतात. मला बहिणीचा राग येतो. शेजारणीचं नवीन पडद्याचं कापड मला मुळीच आवडलेलं नाही. हे कोण बोलणार? आणि हा दमत कसा नाही? साहेबांशी भांडून मी तर अशी दमते की नाव विचारलं तरी राग येतो."

संगणकवाल्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. पुढचे कितीतरी दिवस ते, डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि ऑपरेटरबाई मिळून एक नवी पेशंट घडवत होते. वाद तर असे झाले की विचारू नका. संगणकवाल्यांना ती विद्यार्थिनी हवी होती. ऑपरेटरबाई म्हणाल्या, तिला हाताचं काम द्या, रिकामी बसवू नका. सिस्टरला ती जरा गोड स्वभावाची हवी होती. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "कशाला? बरं होण्यासाठी गोड असावं लागतं का?" शेवटी ती शिवणकाम करणारी झाली. बातम्या सांगणारी बाई टीव्हीतून आपल्याला टोमणे मारते अशी खात्री असलेली, तोंडानं फटकळ, आणि मधूनच दमून "आज नको" म्हणणारी.

नवी पेशंट पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी काचेमागे सगळे जमले. ऑपरेटरबाईही बहिणीला घेऊन आल्या होत्या. समोर दुसऱ्या रुग्णालयातून शिकायला आलेली एक थेरपिस्ट बसली होती, नीटनेटकी, पाठ ताठ.

"कसं वाटतंय तुम्हाला?" तिनं मृदू आवाजात विचारलं.

शिवणकामवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा खांदा कुणी शिवला?"

"अं?"

"तुमच्या कुर्त्याचा. एक वर, एक खाली. माझ्याकडे आणला असता तर मी परत उसवला असता."

शिकाऊ थेरपिस्टनं नकळत आपल्या खांद्याकडे पाहिलं. काचेमागे संगणकवाल्यांनी श्वास रोखला. सिस्टरनं बाटलीकडे हात नेला.

"अगदी खरंय," ती मुलगी आत म्हणाली आणि तिला हसू आलं. "मलाही तो कधी आवडला नाही. तुम्हाला तिथून कसं काय दिसलं?"

"दिसतं," शिवणकामवाली म्हणाली, आणि खुर्चीत थोडी सैलावली. "मला सगळंच दिसतं. तोच तर ताप आहे."

ऑपरेटरबाईंनी सिस्टरच्या दंडाला कोपर मारलं. "ही बघ. हिला बोलता येतं."

बहिणीनं घड्याळ पाहिलं. "चल ना ताई, बस जाईल. घरी जाऊन..."

"जाऊ दे एक बस," ऑपरेटरबाई काचेला नाक लावून म्हणाल्या. "पुढं काय म्हणते ते ऐकू दे मला."